बलून उतरताना आपटलो. 'अचानक वारा आला' हे कितपत खरं असतं?

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आम्हा दोघांना हॉट एअर बलूनची फेरी भेट दिली. मावळात, कामशेतच्या पुढे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बोलणी चालू आहेत. डिसेंबरात ठरलेली फेरी धुक्यामुळे रद्द झाली. जानेवारीत पुन्हा ठरली. पहाटे साडेतीनला उठून, थर्मासमध्ये चहा भरून सोमाटणे फाट्यापर्यंत गेलो तेव्हा फोन आला, 'आज नको, वारा आहे.' झाडाचं पान हलत नव्हतं. ह्यांनी फोनवर चांगलंच सुनावलं. मग फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिसरा मुहूर्त लागला.

आम्ही दोघं, हिंजवडीतलं एक तरुण जोडपं आणि पायलट. पायलटनं आधी उतरण्याची तालीम करून घेतली. बलून जातोय त्या दिशेला पाठ, गुडघे वाकवलेले, आतली दोरीची कडी घट्ट धरायची आणि तो सांगेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. आम्ही हसत हसत केलं. शाळेतल्या कवायतीसारखं.

वर गेल्यावर काय सांगू! वारा नावाला नाही. माझी ओढणीसुद्धा जागची हलली नाही. बर्नर बंद केला की खालच्या वाडीतला कोंबडा ऐकू यायचा, कुणाची तरी मोटर चालू होती तिचा आवाज यायचा. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, इथे निरांजन लावलं तरी विझायचं नाही. फक्त ऊन पडल्यावर आमची सावली डोंगराच्या अंगावरून पळताना दिसली, आणि ती फारच भराभर पळत होती. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

पुढे पवना धरणाचं पाणी चमकायला लागलं आणि त्याच्या अलीकडे मोठ्या मनोऱ्यांवरच्या विजेच्या तारा. पायलट एकदम गप्प झाला. मग म्हणाला, 'तारांच्या आधीच बसवतो, तालीम आठवा.' बलून झपाट्यानं खाली यायला लागला आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच तोंडावर वारा लागला. टोपली एकदा आपटली, उडाली, परत आपटली आणि आडवी झाली. मग आम्ही तसेच फरफटत गेलो. एक बांध मध्ये आला, तिथे हे कडीवरून सुटले. कॉलर बोन मोडलं. मला फक्त खरचटलं, पण तोंडात माती आणि ओठांवर हरभऱ्याची आंब. दवात भिजलेल्या हरभऱ्यातून आम्ही नांगर घातल्यासारखे गेलो होतो. ती आंबट चव अजून जात नाही.

कंपनीचं म्हणणं, 'अचानक वारा आला, निसर्गापुढे कुणाचं चालतं?' दवाखान्याचा खर्च द्यायला नकार. पण ज्यांच्या शेतात पडलो त्या बाई पाणी घेऊन पळत आल्या आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'अवो ताई, वारं कुठं हाय? पानबी हलंना हितं.'

हे पळायला जातात, त्यांचं ते घड्याळ मनगटावर होतं. त्यातले आकडे: ६:५२ ला उडालो. पहिली काही मिनिटं ताशी ६ किलोमीटर. २८० मीटर उंचीवर ३४. खाली येताना ९० मीटरवर ३१. जमिनीला टेकलो ७:३१ ला, तेव्हा २७. फरफट साधारण ६० मीटर.

प्रश्न एवढाच. वारा खरंच अचानक आला का? की ते आम्हाला वेड्यात काढतायत?

सदाशिवपेठी

लेकीनं हरभऱ्याच्या झाडावर चढवलेले आईबाप पुष्कळ पाहिले, पण हरभऱ्यात उतरवलेले पहिल्यांदाच. यजमानांना लवकर बरं वाटो, हे आधी लिहायला हवं होतं.

आता कडू बोलतो. बलूनचे अपघात मोजा: इजिप्तमधलं लक्सर २०१३, एकोणीस मेले. टेक्सास २०१६, सोळा. न्यूझीलंड २०१२, अकरा. ज्याला हँडल नाही, ब्रेक नाही, अशा पीएमटीमध्येसुद्धा आपण बसत नसू. इथे पैसे देऊन, वर पहाटे साडेतीनला उठून बसायचं! आणि कागदावर सही केली असेल तर विसरा आता.

विंग_कामशेत

@सदाशिवपेठी, आकडे बरोबर आहेत, पण सगळे एकाच पिशवीत घालू नका. लक्सरला गॅसच्या नळीतून गळती होऊन आग लागली, वाऱ्याचा संबंध नाही. टेक्सासला धुकं आणि ढग असताना उडाले आणि विजेच्या तारांत गेले. न्यूझीलंडमध्येही ताराच. त्या दोन्ही पायलटांच्या शरीरात नको ते पदार्थ सापडले होते. वाऱ्याची म्हणायची तर स्लोव्हेनियातली, ऑगस्ट २०१२. ल्युब्लियानाजवळ ३२ माणसं घेऊन मोठा बलून वादळात सापडला, उतरायच्या धडपडीत झाडांवर आदळून पेटला, सहा जण गेले. आणि तुर्कस्तानात कॅपाडोकियाला ऑक्टोबर २०२२ मध्ये उतरतानाच वाऱ्यानं टोपली आपटली, दोन स्पॅनिश पर्यटक गेले. तुमची जात ही दुसरी.

मी कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे थोडी पायलटची बाजू घेणार. ताई, टोपली आडवी होऊन घसटत जाणं ही बलूनच्या जगात रोजची गोष्ट आहे. टोपली वेताची असते ती त्यासाठीच, वेत लवतो आणि दणका खातो. ३१ च्या वेगात पुढे तारा आणि त्यामागे पाणी दिसत असताना हातातलं पहिलं मोकळं शेत पकडणं हा शहाणपणा आहे. आणि तुमच्यातलं कुणी आपटल्यावर घाबरून बाहेर उडी मारली नाही ना? एक माणूस उतरला की साठ-सत्तर किलो वजन कमी होतं आणि बलून उरलेल्यांना घेऊन परत वर उठतो. ती तालीम हसण्यावारी नेली तरी कामाला आली.

पण त्या शेतकरीण बाईंचं वाक्य मलाही खटकलं. खाली पान हलत नसेल तर २७ कुठून आले?

शिमला_ऑफिसचा_म्हातारा

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलं आहे, फक्त तीन ठिकाणी पांगलं आहे. घड्याळ, ओढणी आणि त्या बाईंचं वाक्य.

मी हवामान खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. शिवाजीनगरची ती दगडी इमारत १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं तेव्हापासूनची, म्हणून जुने पुणेकर आणि बसवाले अजून शिमला ऑफिसच म्हणतात. माझी निम्मी नोकरी फुगे सोडण्यात गेली. बायको माहेरी तसंच सांगायची, 'हे फुगे सोडतात.' त्या फुग्याचं नाव पायलट बलून. रबरी फुग्यात हायड्रोजन मोजून भरायचा, म्हणजे तो दर मिनिटाला किती वर जाणार हे ठरलेलं. मग थिओडोलाइटच्या दुर्बिणीला डोळा लावून दर मिनिटाला दोन कोन टिपायचे, दिशेचा आणि उंचीचा. रात्री दिसावा म्हणून खाली कागदी कंदील बांधायचो, आत मेणबत्ती. आणि ती मेणबत्ती विझत नसे! तुमच्या निरांजनाचं वाचून म्हणूनच हसू आलं. फुगा वाऱ्यात नसतो, वाऱ्याबरोबर असतो. पुरात वाहणाऱ्या ओंडक्यावरच्या मुंगीला पाणी थांबल्यासारखंच वाटणार.

म्हणजे वर तरंगत असताना यजमानांच्या घड्याळातला वेग हा बलूनचा वेग नव्हे, त्या त्या उंचीवरचा वारा आहे. बलूनला स्वतःचा वेग नसतोच. तेव्हा २८० मीटरवर ताशी ३४ चा वारा होता, हे नक्की. तो अचानक आला का? नाही हो. तो बहुतेक रात्रभर तिथेच वाहत होता.

थंडीत आणि फेब्रुवारीत आपल्याकडे असं होतं. आभाळ निरभ्र असेल तर रात्री जमीन भराभर निवते. तिला चिकटलेली हवाही गार आणि जड होते आणि खोलगट मावळात तळ धरून बसते. वरच्या वाऱ्याला एरवी जमिनीचं घासणं लागतं, झाडं, टेकड्या, घरं. मध्ये हा गार थर आला की ते घासणं तुटतं आणि वरचा वारा गुळगुळीत फरशीवरून गेल्यासारखा मोकळा सुटतो. खाली धूर सरळ वर जातोय आणि दोनशे-तीनशे मीटरवर तीस-पस्तिशीचा पूर्वेचा वारा, हे मी थिओडोलाइटमधून कितीदा पाहिलंय त्याची गणती नाही. फुगा पहिलं एक मिनिट डोक्यावर घुटमळतो आणि मग दुर्बीण फिरवता फिरवता मान दुखते.

म्हणून जानेवारीत त्यांनी 'वारा आहे' म्हणून रद्द केलं तेव्हा तुम्हाला पान हललेलं दिसलं नाही. ते बरोबर होते, आणि तुमचं दिसणंही बरोबर होतं.

आता उतरण्याचं. ऊन वर आलं की जमीन तापते, गार थर ढवळला जातो आणि वरचा वारा झोतांनी खाली यायला लागतो. म्हणून बलूनवाले उजाडता उजाडता उडतात आणि तो घोळ सुरू व्हायच्या आत उतरतात. पण तुम्ही ७:३१ ला टेकलात, सूर्य उगवून जेमतेम अर्धा तास झालेला. एवढ्यात मावळातला थर फुटत नाही. त्या बाई खरं बोलतायत, खाली वारा नव्हता.

मग २७ कुठून? ताई, तुम्ही तो वरून बरोबर घेऊन आलात.

चार प्रवाशांचा बलून म्हणजे साधारण तीन हजार घनमीटरची पिशवी. आत गरम हवा असली तरी ती हवाच, तिलाही वजन आहे. हिशोब केला तर अडीच टनांच्या आसपास जातं. टोपली, माणसं, सिलिंडर धरून तीनाच्या वर. भरलेला टेम्पो समजा. हा टेम्पो वर ३४ नं पळत होता आणि तारांच्या आत बसवायचा म्हणून झपकन खाली आणला. खालची हवा थांबलेली, पण टेम्पोला ब्रेक नाही. थांबलेल्या हवेनं त्याला हळूहळू अडवायला वेळ लागतो, निदान मिनिटभर तरी. तेवढा वेळ मिळाला नाही. ३४, ३१, २७ हा उतरता आकडा नेमका तेच सांगतो.

आणि तुम्हाला तोंडावर लागलेला वारा! तो कुठून आला नव्हता. हवा उभी होती आणि तुम्ही तिच्यात घुसत होता. स्कूटरवर बसल्यावर लागतो तो वारा. 'अचानक वारा आला' असं पायलटलाही खरोखर वाटलं असेल, तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही.

वेळ हातात असता तर सावकाश खाली येऊन, शेंड्यांच्या वर थोडं रेंगाळून, वेग जिरवून टेकता आलं असतं. पुढे तारा आणि पाणी, त्यामुळे ते जमलं नाही. तेव्हा उतरताना त्याचं चुकलं असं मला वाटत नाही, विंगवाल्यांशी सहमत. चुकलं असेल तर ६:५२ ला. म्हणून एकच विचारतो. उडण्यापूर्वी त्यानं छोटा फुगा सोडून पाहिला होता का? आमच्यासारखी दुर्बीण नको, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी वरचा वारा कळतो. जगभर बलूनवाले ते करतात.

भटकी_सुमी

काका, कसलं समजावलंत! मी इथे फक्त एक भर घालते. कॅपाडोकियाला आम्ही चार दिवस होतो, त्यातल्या तीन सकाळी बलून उडलेच नाहीत. तिथे उडायचं की नाही हे कंपनी ठरवत नाही. सरकारी विमान खात्याची माणसं हवामान बघून झेंडा लावतात, हिरवा, पिवळा, लाल. लाल म्हणजे कुणाचाच बलून उडणार नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी हॉटेलच्या पोराशी हुज्जत घातली, त्यानं शांतपणे मोबाईलवरचा लाल झेंडा दाखवला. भांडणार कुणाशी? तरीही २०२२ चा अपघात तिथेच झाला म्हणा.

आपल्याकडे पायलटला डीजीसीएचा, म्हणजे केंद्र सरकारच्या विमान वाहतूक खात्याचा, परवाना लागतो, तो मागून बघायला लाजू नका. पण त्या दिवशीच्या सकाळचा निर्णय त्या एकट्या माणसाच्या गळ्यात, आणि समोर चार गिऱ्हाईकं डोळे चोळत उभी.

सदाशिवपेठी

मग सरळ दोरीनं बांधलेल्या बलूनमध्ये बसावं. जत्रेत, महोत्सवात असतात ते. वर जायचं, फोटो काढायचा, खाली. वारा काय करणार?

विंग_कामशेत

उलट. मोकळा बलून वाऱ्याबरोबर जातो म्हणून त्याला वारा लागत नाही. बांधलेल्याला पूर्ण लागतो, शिडासारखा. पिशवी कलंडते, तोंड वाकडं होतं आणि बर्नरची ज्वाळा कापडाला चाटते. २०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशात गांधीसागरला खुद्द मुख्यमंत्री टोपलीत असताना वारा वाढला, बलून उठेना आणि खालच्या भागानं पेट घेतला. सुरक्षारक्षकांनी टोपली धरून ठेवली, कुणाला काही झालं नाही. दोरी म्हणजे सुरक्षा हा गैरसमज आहे. वारा वेगात दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि बांधलेल्या बलूनला तो सगळा सोसावा लागतो.

कोथरूडकरीण

काका, तुमचं उत्तर ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. टेम्पोपाशी आल्यावर म्हणाले, 'परत वाच.'

छोट्या फुग्याचं विचारलंत. मला आठवत नव्हतं, म्हणून लेकीला पाठवलेला व्हिडिओ काल रात्री पुन्हा पाहिला. सोडला होता. काळा, नारळाएवढा. व्हिडिओत तो सरळ वर जातो आणि मग एका जागी कुणी बाजूनं ओढल्यासारखा सटकन पश्चिमेला जातो. पायलट मान वर करून बराच वेळ बघत उभा आहे. मग आमच्याकडे वळून म्हणतो, 'वर जरा आहे. थांबू या का वीस मिनिटं, बघू या?'

आणि मग ह्यांचा आवाज. स्पष्ट. 'म्हणजे तिसऱ्यांदा घरी जायचं का आम्ही?' त्यावर मी हसतेय. हिंजवडीची मुलगी म्हणते, माझी दहाला मीटिंग आहे. पायलट दोन सेकंद काही बोलत नाही. मग बलूनमध्ये हवा भरायचा पंखा चालू होतो आणि पुढचं काही ऐकू येत नाही.

व्हिडिओ संपला तेव्हा हे गळ्यात झोळी अडकवून माझ्या शेजारीच बसले होते. कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, 'तो आवाज फारच करडा येतो नाही माझा?'

शिमला_ऑफिसचा_म्हातारा

ताई, ते मनाला लावून घेऊ नका. नाही म्हणणं हे त्याचं काम होतं, तुमचं नव्हे. त्याला पगार त्याचाच मिळतो. खर्च मागायचा तो मागा, आणि पत्रात 'अचानक वारा' हे शब्द मान्य करू नका. फुगा सोडला होता, त्यानं तो पाहिला होता, एवढंच लिहा. व्हिडिओ जपून ठेवा, यजमानांच्या वाक्यासकट. कापून पाठवलात तर तेच तुमच्यावर उलटेल.

वीस मिनिटं थांबून वारा पडला असता असंही नाही, हेही सांगून टाकतो. उलट ऊन चढलं असतं. थांबण्याचा खरा अर्थ त्या दिवशी घरी जाणं असाच होता, आणि ते त्यालाही माहीत असणार.

एक विनंती. घड्याळातली ती फाईल मला मिळेल का? उंचीवार वारा मांडून बघायचा आहे. कामशेतच्या त्या बाजूचं फेब्रुवारीतलं असं निरीक्षण माझ्याकडे एकही नाही. जुनी खोड.

कोथरूडकरीण

फाईल व्यक्तिगत निरोपात पाठवली आहे काका. लेकीनं काढून दिली, मला ते जमत नाही.

पत्र तुम्ही म्हणालात तसंच लिहिलं, पूर्ण व्हिडिओ जोडला. ह्यांचं वाक्य काढायचं का, असा एकदा विचार आला होता. हेच नको म्हणाले.

रविवारी आम्ही त्या बाईंकडे जाऊन येतोय. कंपनीची माणसं त्या दिवशी कापड गोळा करायला आली ती उरलेल्या हरभऱ्यातूनच जीप घालून, आणि भरपाईचं कुणी बोललेलं नाही. किती गुंठे गेले ते मोजायला हवं. गाडी मी चालवणार आहे, ह्यांना अजून पंधरा दिवस हात वर करायचा नाही.

सदाशिवपेठी

येताना सोलाणे मिळाले तर आणा. पैसे देऊन.